वाव नसणं वेगळं, खच्चीकरण वेगळं

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर बाबांचा उजवा हात बराच सुधारला, पण बोटांत पूर्वीची ताकद राहिली नाही. शर्टाचं एक बटण लावायला त्यांना मिनिटभर लागायचं. बटण काजापाशी न्यायचं, ते निसटायचं, पुन्हा चिमटीत धरायचं. मी शेजारी उभी असायचे आणि दुसऱ्या बटणापर्यंतच माझा धीर टिकायचा. "बाबा, सोडा, मी लावते," म्हणत मी भराभर सगळी बटणं लावून मोकळी व्हायचे. ते काही बोलायचे नाहीत. हात खाली सोडायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. दोनेक महिन्यांत ते कपडे बदलायला आपणहून उठेनासे झाले, मग वर्तमानपत्र उघडेनासे झाले, मग कुणी भेटायला आलं तरी बोलेनासे झाले. घरात सगळे म्हणायचे, आजारपणाने खचले.

आजारपणाचा वाटा होताच. अशा झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य गाठतं आणि त्यामागे मेंदूत झालेले बदलही असतात. पण त्यांचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, "दिवसभरात बाबा स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने काय काय करतात?" मला एकही गोष्ट सांगता आली नाही.

त्या प्रश्नामागे मानसशास्त्रातलं पन्नासहून जास्त वर्षांचं काम आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

मनाला काय लागतं

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे या कामातले दोन मुख्य संशोधक. सुरुवात एका साध्या प्रयोगापासून झाली. डेसी यांनी विद्यार्थ्यांना तुकडे जोडून आकार बनवायचं एक कोडं दिलं. काहींना मधल्या टप्प्यात सुटलेल्या प्रत्येक आकारामागे पैसे दिले आणि पुढच्या टप्प्यात ते बंद केले. पैसे बंद झाल्यावर या मुलांचा मोकळ्या वेळात कोड्याशी खेळायचा ओढा कमी झाला. ज्यांना पैसे कधी दिलेच नव्हते त्यांचा तसा झाला नाही. हा प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या आवडीने चाललेली गोष्ट दुसऱ्याच्या तालावर चालू लागली की तिच्यातला जीव जातो, असा त्यातून संशय आला. त्या संशयाचा पाठपुरावा करत करत दोघांनी 'स्वयंनिर्णय सिद्धांत' मांडला. मनाच्या तीन मूलभूत गरजा हा त्याचा गाभा.

पहिली गरज स्वायत्ततेची: मी जे करतो आहे त्यामागे माझी मर्जी आहे, कुणी मानगूट धरून ते माझ्याकडून करवून घेत नाही. दुसरी सक्षमतेची: मला हे जमतं, माझ्या करण्याने काही फरक पडतो. तिसरी आपलेपणाची: माझं कुणी आहे, आणि मीही कुणाला तरी हवा आहे. या एकावर एक रचलेल्या पायऱ्या नाहीत. आधी पोट भरू दे, मग सुरक्षितता, मग प्रेम, असा क्रम इथे नाही. तिन्ही गरजा एकदम आणि आयुष्यभर असतात. एक भरपूर मिळाली म्हणून दुसरीची उणीव भरून निघत नाही. कामावर सगळे वाखाणतात पण घरी विचारणारं कुणी नाही, अशा माणसाची ओढाताण आपण सगळ्यांनी पाहिलेली असते.

'गरज' हा शब्द इथे फार काटेकोर अर्थाने घ्यायला हवा. इच्छा वेगळी आणि गरज वेगळी. ड जीवनसत्त्वाची तुम्हाला आवड असो वा नसो, ते कमी पडलं की हाडं दुखणारच. मनाच्या गरजांचंही असंच असेल का, हे एका अभ्यासाने थेट तपासलं. बेल्जियम, चीन, अमेरिका आणि पेरू या चार देशांतल्या १,०५१ जणांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना हेही विचारलं होतं की या गोष्टी तुम्हाला कितपत हव्याशा वाटतात. निष्कर्ष असा की फार हव्याशा वाटणाऱ्यांना आणि फारशा न वाटणाऱ्यांना, दोघांनाही गरज भागल्याचा फायदा आणि ती दडपल्याचा तोटा सारखाच दिसला. चारही देशांत चित्र तेच. "मला कुणी लागत नाही" असं जो ठासून सांगतो, त्यालाही एकटेपणा सोडत नाही.

तीन जुने शब्द

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मला हा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुतेक वेळा निसटतो.

गरज न भागणं आणि गरज चिरडली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत काहीतरी मिळत नाही. दुसरीत कुणीतरी, काहीतरी अंगावर चालून येतं. रोपाला पाणी न घालणं आणि मुळात मीठ ओतणं यांत जो फरक आहे तोच हा. दोन्हींत रोप वाळतं, पण वाळण्याची रीत आणि वेग एक नसतो.

मराठीला हा फरक केव्हाचा माहीत आहे. स्वायत्तता नसली तर आपण म्हणतो 'मुभा नाही', पण ती चिरडली तर म्हणतो 'मुस्कटदाबी'. सक्षमतेला जागा नसली तर 'वाव नाही', आणि तिच्यावर घाव घातला तर 'खच्चीकरण'. आपलेपणा नसला तर माणूस 'एकटा' असतो, तो हिरावून घेतला तर माणसाला 'वाळीत टाकलेलं' असतं. जोडीतला दुसरा शब्द उच्चारताना आवाजही वेगळा लागतो, कारण त्यात समोर करणारा कुणी असतो.

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिलीचं काम नीरस आहे. वरून आलेले आकडे तक्त्यात भरायचे, कुणी काही विचारत नाही, शिकवत नाही, शाबासकी नाही की ओरडा नाही. ती संध्याकाळी घरी येते ती मरगळलेली. आयुष्य नुसतं पुढे सरकतं आहे असं तिला वाटतं. दुसऱ्याचं काम खरं तर चांगलं आहे, पण त्याचा वरिष्ठ त्याने लिहिलेलं प्रत्येक पत्र सगळ्यांच्या देखत मोठ्याने वाचून त्यातल्या चुका काढतो. त्याने काही सुचवलं की "तुला कुणी विचारलं?" असं म्हणतो. सगळे बैठकीला जातात तेव्हा नेमकं त्यालाच कळवायचं राहून जातं. या माणसाला मरगळ येत नाही. सुट्टी संपत आली की त्याच्या पोटात गोळा येतो. रात्री दोनला जाग येते आणि उद्या वरिष्ठाला काय उत्तर द्यायचं याची मनात उजळणी सुरू होते. घरच्यांवर तो विनाकारण खेकसतो आणि मग स्वतःवर चिडतो. पहिलीचं मन उपाशी आहे, दुसऱ्याचं जखमी.

संशोधनातही हे वेगळेपण दिसतं. मघाच्याच चार देशांच्या अभ्यासात वापरलेल्या प्रश्नावलीत २४ विधानं आहेत. निम्मी गरज भागण्याबद्दलची, निम्मी ती चिरडली जाण्याबद्दलची. "माझी जवळची माणसं आहेत" याला "नाही" म्हणणं आणि "ज्यांच्यात मला असावंसं वाटतं ते मला बाहेर ठेवतात" याला "हो" म्हणणं हे एक नाही, हे ती मांडणी गृहीतच धरते. गरजा भागणं हे समाधानाशी आणि उत्साहाशी जास्त जोडलेलं आढळलं, तर गरजा चिरडल्या जाणं हे नैराश्याच्या लक्षणांशी.

त्याआधी, २०११ मध्ये खेळाडूंवर झालेलं संशोधन तर अंगावर येतं. ज्या खेळाडूंना प्रशिक्षकाकडून आपल्या गरजा दडपल्या जातात असं वाटत होतं, त्यांच्यात थकून कोसळण्याची, नैराश्याची आणि खाण्याच्या बिघडलेल्या सवयींची लक्षणं जास्त होती. सराव सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या त्यांच्या लाळेच्या नमुन्यांत एक प्रतिपिंड वाढलेलं आढळलं. म्हणजे प्रशिक्षकाने तोंड उघडण्याआधीच शरीर सावध होऊन बसलेलं.

खचणं आतून कसं घडतं

पन्नासेक वर्षांपूर्वी याचं एक प्रसिद्ध उत्तर होतं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ज्या त्रासावर काहीच इलाज चालत नाही असा त्रास वारंवार सोसलेला प्राणी, नंतर सुटकेची वाट असली तरी उठत नाही. जागच्या जागी पडून राहतो. त्याला 'शिकलेली हतबलता' असं नाव मिळालं. मारून मुटकून प्राणी हतबलता शिकतो, असा अर्थ लावला गेला.

पुढे मेंदूतले मार्ग उलगडत गेले आणि २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपलाच जुना अर्थ उलटा केला. दीर्घ त्रासापुढे निपचित होणं ही मेंदूची मूळ, न शिकलेली प्रतिक्रिया आहे, असं त्यांनी लिहिलं. जे शिकावं लागतं ते म्हणजे "माझ्या हालचालीने फरक पडतो" हे. कपाळामागचा मेंदूचा भाग जेव्हा ओळखतो की परिस्थिती माझ्या हातात आहे, तेव्हा तो खोलवरच्या त्या निपचित करणाऱ्या केंद्राला आवर घालतो. एकदा असा अनुभव आला की पुढच्या संकटातही त्याचं कवच काही अंशी उरतं.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. बाबांच्या हातातून मी रोज सकाळी नेमका तोच पुरावा काढून घेत होते. बटण काजात जाणं हा त्यांच्या मेंदूसाठी दिवसातला पहिला निरोप असता, की अजून माझ्या हातून काही घडतं. वेळ वाचवण्याच्या नादात तो निरोप मी पोहोचूच दिला नाही.

निपचित होणं ही एक दिशा झाली. पण माणूस नेहमीच खाली बसत नाही. गरज चिरडली गेली की तो तिच्या जागी दुसरं काहीतरी ओढून आणतो आणि तिथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं. ज्याचं स्वतःच्या आयुष्यावर काही चालत नाही तो कधी ताटातल्या घासांवर, वजनाच्या काट्यावर, घरातल्या टापटिपीवर कडक राज्य करू लागतो. जिला कायम कमी लेखलं गेलं ती पैशाच्या, पदाच्या, दिसण्याच्या मागे अशी लागते की मिळालेलं कधी पुरतच नाही. कुणी प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणू लागतो. स्वतःला जे हवं आहे त्यालासुद्धा, कारण नकार ही एकच गोष्ट त्याच्या हातात उरलेली असते. आपण लगेच शिक्का मारतो: हट्टी, हावरट, विक्षिप्त. या पर्यायांनी क्षणभर बरं वाटतं, पण मूळ गरज उपाशीच राहते, आणि बहुतेक वेळा असं वागणं जवळच्या माणसांना आणखी दूर ढकलतं. मग आपलेपणाही जातो. भोवरा सुरू होतो.

आणि एक प्रकार सगळ्यांत छुपा. बाहेरचा जाच संपतो, पण तोवर माणसाने आतच एक मुकादम नेमलेला असतो. कुणी बोलत नसतं, तरी तो बोलतो: "एवढंही जमत नाही? बसलास काय? लोक काय म्हणतील?" पुष्कळ यशस्वी, जबाबदार, सगळ्यांना आधार वाटणारी माणसं या मुकादमाच्या चाबकावर चालतात. कामं होतात, पण आनंद होत नाही, फक्त तेवढ्यापुरती सुटका होते. सिद्धांताच्या भाषेत ही स्वायत्तता नव्हे. हुकूम आतून आला म्हणून तो आपला होत नाही.

या मुकादमाची नेमणूक अनेकदा प्रेमाच्या घरात होते. "तू पहिला आलास की किती छान वाटतं आम्हाला" हे वाक्य वरवर गोड आहे. पण पहिला न आलेल्या दिवशी घरात शांतता पसरत असेल, आईची नजर चुकत असेल, तर मुलाला कळतं की प्रेमाला अट आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं अटीचं प्रेम मिळालेल्या तरुणांकडे पाहिलं गेलं. ते आई-वडिलांना हवं तसं वागत होते, पण आतून सक्ती वाटून. यशाचा आनंद थोडाच वेळ टिकायचा आणि आई-वडिलांबद्दल मनात राग साचलेला असायचा. मुलाला दोन गरजांतली एक निवडायला लावलेली असते: आपलेपणा हवा तर मर्जी सोड. लहानपणी कुणीही आपलेपणाच निवडतं. चाळिशीला पोहोचून स्वतःला काय आवडतं हे सांगता न येणारी माणसं भेटतात तेव्हा मला हा सौदा आठवतो.

दोन-तीन मिनिटांचा चेंडू

आपलेपणाच्या जखमेबद्दल एक वेगळं सांगायला हवं, कारण ती किती थोड्याने होते यावर आपला विश्वास बसत नाही. किपलिंग विल्यम्स या संशोधकाने संगणकावरचा एक अगदी साधा खेळ वापरला. पडद्यावर तीन खेळाडू चेंडू एकमेकांकडे टाकतात. तुम्हाला सांगितलं जातं की बाकीचे दोघं दुसरीकडे बसलेली खरी माणसं आहेत. प्रत्यक्षात तो नुसता प्रोग्राम असतो. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू तुमच्याकडे येतो आणि मग येणं थांबतं. ते दोघं आपापसांतच खेळत राहतात. बस, एवढंच. ओळख नाही, बक्षीस नाही, पुन्हा भेट व्हायची नाही. तरीही दोन-तीन मिनिटांत माणसांची मनःस्थिती खालावते, आपण कुणी आहोत ही भावना डळमळते, परिस्थितीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटतं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा पहिल्या ऑनलाइन अभ्यासात ६२ देशांतले १,४८६ जण होते. पुढच्या प्रयोगांत तर आधीच सांगून टाकलं की समोर माणसं नाहीत, संगणकच आहे. तरीही लोकांना लागलं.

मग विचार करा, रोज एकाच टेबलावर बसणाऱ्या माणसांनी तुमचं "नमस्कार" ऐकून मान न वळवणं, घरातल्या गप्पा तुम्ही खोलीत आल्यावर थांबणं, जोडीदाराचा चार-चार दिवसांचा अबोला, हे वर्षानुवर्षं सोसणाऱ्या मनाचं काय होत असेल. अबोल्यात कुणी हात उगारत नाही, शिवी देत नाही, म्हणून तक्रार करायलाही जागा नसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मर्जी म्हणजे मनमानी नव्हे

स्वायत्ततेबद्दल एक गैरसमज इतका घट्ट आहे की तो बाजूला केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वायत्तता म्हणजे एकट्याने राहणं, कुणाचं न ऐकणं, कुटुंबापेक्षा स्वतःला मोठं मानणं, असं पुष्कळांना वाटतं. हे व्यक्तिवादी समाजांचं खूळ आहे असाही आक्षेप घेतला गेला. २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका इथल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एखादी रीत कुटुंबाला पुढे ठेवणारी असो की व्यक्तीला, ती मनापासून पटून पाळणाऱ्यांची मानसिक स्थिती दबावाखाली पाळणाऱ्यांपेक्षा चांगली होती. थोरल्यांचा सल्ला पटून मानणारी मुलगी स्वायत्त आहे. मैत्रिणी हसतील म्हणून तो झुगारणारी नाही.

याचाच दुसरा अर्थ असा की दुसऱ्यावर अवलंबून असलेलं माणूसही स्वायत्त असू शकतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला इतकंच सांगितलं होतं की शर्ट कुठला घालायचा ते त्यांना विचारा आणि हात मागे बांधून उभ्या राहा. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. काही आठवड्यांनी बाबा खालची चार बटणं लावू लागले. गळ्याजवळचं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. एका सकाळी ते हनुवटी वर करून म्हणाले, "हे एक तू लाव गं." बटण मीच लावलं, आधीसारखंच. पण यावेळी त्यांनी ते मला सांगितलं होतं. यासोबत औषधं चालू होती, डॉक्टरांचे उपचार चालू होते, त्यामुळे सुधारणेचं श्रेय बटणांना द्यायचा माझा आग्रह नाही. ते पुन्हा वर्तमानपत्र मागू लागले, एवढं मी पाहिलं.

नोकरीच्या जगात याचा पुरावा मोठा आहे. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा करणारा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात असं आढळलं की कामावर निर्णयाची मोकळीक आणि सहकाऱ्यांचा आधार असलेल्यांची मानसिक प्रकृती जास्त सुरक्षित राहिली. कामाचा अतिताण आणि कष्टाच्या मानाने न मिळणारं फळ यांनी मानसिक आजारांचा धोका वाढवला. आणि हे सारे एकाच शहरातले, पक्क्या नोकरीचे पगारदार लोक होते.

इथे थोडं सावध राहायला हवं. नैराश्य आणि चिंतेचे आजार अनेक कारणांनी होतात. आनुवंशिकता, शरीराचे आजार, बालपणीचे आघात, गरिबी यांचा वाटा मोठा आहे. शिवाय यातले बरेच अभ्यास पाहणीचे आहेत, आणि उदास माणसाला जगही जास्त निष्ठुर दिसतं, त्यामुळे कारण आणि परिणाम एकमेकांत मिसळतात. मन सतत दोन आठवडे खाली असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर गरजांचा हिशोब मांडत बसू नका, डॉक्टरांकडे जा. हा सिद्धांत उपचारांच्या जागी नाही. तो उपचारांना साथ देतो: नैराश्याच्या रुग्णांमध्येही असं दिसलं आहे की जे स्वतःच्या मर्जीने उपचारात उतरतात आणि ज्यांचा थेरपिस्ट त्या मर्जीला मान देतो, त्यांना जास्त बरं वाटतं.

काय करता येतं

जखमेवर पोषक आहार हे उत्तर नसतं. आधी घाव थांबवावा लागतो. रोज खच्चीकरण होणाऱ्या माणसाला "छंद जोपास, कृतज्ञता लिही" असा सल्ला देणं मला क्रूरपणाचं वाटतं, कारण त्यात दोष पुन्हा त्याच्याच पदरात पडतो. त्याने स्वतःला आधी एवढंच विचारावं: मला काही मिळत नाहीये, की माझ्यावर काही होत आहे? मिळत नसेल तर शोधायला जाता येतं, नवं शिकता येतं, जुन्या मित्राला फोन करता येतो. होत असेल तर ते थांबवणं, त्याला हद्द घालणं किंवा तिथून निघणं, यांचा विचार आधी. निघणं शक्य नसेल तेव्हा निदान एक जागा अशी धरून ठेवावी जिथे तो घाव पोहोचत नाही. एक माणूस, एक काम, दिवसातला एक तास.

आणि आपण सगळेच कुणाचे तरी वरिष्ठ, पालक, मुलं, जोडीदार असतो. म्हणजे घाव आपल्या हातूनही होतात, पुष्कळदा मायेपोटी. समोरच्याच्या स्वायत्ततेला आधार देण्याच्या रीती संशोधनात नीट मांडलेल्या आहेत आणि त्या साध्या आहेत. एखादी गोष्ट करायलाच हवी असेल तर का ते सांगणं. ती करायला नको वाटतंय हे मान्य करणं, "त्यात काय एवढं" न म्हणणं. जिथे खरंच दोन वाटा आहेत तिथे निवड त्याच्याकडे सोपवणं. "तुला केलंच पाहिजे" ऐवजी "कसं करायचं ठरवतोस?" असं विचारणं. शिस्त सोडायची गरज नाही. नियम स्पष्ट असले की सक्षमतेलाही आधारच मिळतो.

मात्र एक इशारा शेवटी द्यायलाच हवा, कारण तो फारसा कुणी देत नाही. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये वृद्धाश्रमातल्या ४० जणांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना भेटायला विद्यार्थी जात. काही वृद्धांना भेटीची वेळ आणि लांबी स्वतः ठरवता यायची, काहींना ती आधी कळायची, काहींकडे विद्यार्थी अचानक जायचे आणि काहींकडे कुणीच जायचं नाही. ज्यांच्या हातात भेट होती किंवा ज्यांना ती आधी ठाऊक होती, त्यांची प्रकृती आणि उमेद स्पष्टपणे सुधारली. मग प्रयोग संपला आणि भेटीही थांबल्या. पुढच्या साडेतीन वर्षांत पुन्हा पाहणी केली तेव्हा नेमके हेच सुधारलेले वृद्ध खाली घसरलेले आढळले. बाकीचे होते तसेच राहिले होते. असं देऊन काढून घेणं कितपत नैतिक आहे, हा प्रश्न १९७८ च्या शोधनिबंधात संशोधकांनी स्वतःच उपस्थित केला.

म्हणून एखाद्या एकट्या माणसाकडे दर आठवड्याला जायचं ठरवत असाल, तर किती दिवस जमेल ते आधी प्रामाणिकपणे सांगा. वार आणि वेळ त्यांना ठरवू द्या. जाणं बंद होणार असेल तर शेवटच्या भेटीच्या बऱ्याच आधी ते त्यांच्या कानावर घाला, आणि तुमच्या जागी कोण आलेलं आवडेल हेही त्यांनाच विचारा.